हिवराखालून जाताना

आमच्या गावाला जाताना घाट चढून वर आलं की एक वळण लागतं. त्या वळणावर भागामाय थांबायची. डोक्यावर गवताचा भारा असला तर आधी तो उतरवून काखेत घ्यायची, पदर हातानं गच्च धरायची, कमरेत वाकायची आणि तशीच वाकून थोडं पुढं जाऊन सरळ व्हायची. मग भारा पुन्हा डोक्यावर. वाकावं असं तिथं काही नव्हतं. वर मोकळं आभाळ होतं आणि पायाखाली नवाकोरा डांबरी रस्ता.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका शनिवारी दुपारी. बीडहून एसटीनं येऊन फाट्यावर उतरले होते आणि तिच्या मागं चालत होते. मला वाटलं, म्हातारीच्या कमरेत उसण भरली. लगबगीनं जाऊन विचारलं, तर मी वर्गातल्या ढ पोराकडं जशी बघते तशी तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काटं लागतेत की गं," ती म्हणाली. "तू बी वाक. साडी चांगली दिसतीय."

तेव्हा मला हिवर आठवला. त्या वळणावर मोठा जुना हिवर होता, बाभळीसारखा काटेरी, वरून छत्रीसारखा पसरलेला. त्याची एक फांदी वाटेवर इतकी खाली आली होती की पोरंटोरं सोडली तर सगळ्या गावाला तिच्याखालून वाकून जावं लागायचं. न वाकणाऱ्याची टोपी नाहीतर पदर तिथंच राहायचा. रस्ता रुंद केला तेव्हा, आदल्या उन्हाळ्यात, तो तोडला होता. मी काही वाकले नाही. हसले मात्र, आणि ते हसू घरी पोचेपर्यंत पुरलं नाही.

भागामाय आमच्या नात्याची नव्हे, शेजारची. दोन घरांत एकच भिंत. तिचं माहेर उमापूरकडचं, गोदावरीच्या काठच्या काळ्या मातीतलं. लग्न होऊन बालाघाटच्या या मुरमाड डोंगरावर आली तेव्हा म्हणे पहिलं वर्षभर ती रोज सकाळी उठून बापाचा उद्धार करायची. "तिकडं पाय रुततो, हिकडं पाय बोचतो," एवढाच तिचा भूगोल. पुढं मात्र डोंगरानं तिला असं धरून ठेवलं की माहेरी गेली तरी चार दिवसांत परत यायची. सपाटीवर नजर अडत नाही, जीव घाबरा होतो, असं सांगायची. पावसाचे अंदाज ती छातीठोक सांगायची आणि ते हमखास चुकायचे. मृगात पडणार म्हणाली की माणसं पेरणी पुढं ढकलायची. चुकलं असं तिला कुणी म्हटलं, तर चूक पावसाची असायची.

मी बीडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. आमच्या जिल्ह्याचा धडा मला झोपेतही म्हणता येईल. उत्तरेला गोदावरीचा सखल पट्टा, मध्ये बालाघाटची रांग, दक्षिणेला उतरत जाणारं पठार, हवामान कोरडं, पर्जन्यछायेचा प्रदेश, वनस्पती काटेरी आणि पानझडी. आमचं गाव त्या रांगेच्या ऐन माथ्यावर आहे. गावाच्या एका अंगाला पडलेलं पाणी पाली गावाकडं बिंदुसरा नदीला मिळतं आणि पुढं गोदावरीला जातं. दुसऱ्या अंगाचं पाणी वळणाखालच्या ओढ्यातून कडा गावाच्या बाजूला उतरतं, सीनेला मिळतं. पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. भागामाय म्हणायची, "हितं पान्याची भाऊवाटनी झाली. एक भाऊ गंगंला गेला, दुसरा त्या आंगाला. पुन्हा तोंड बघितलं न्हाई एकमेकाचं."

एकदा सुट्टीत मी ओट्यावर बसून पाठाची तयारी करत होते आणि मोठ्यानं वाचत होते की डोंगरमाथ्यावरची बरीचशी जमीन पडीक असून तिथं कुसळी गवताखेरीज काही उगवत नाही. ती भिंतीपलीकडून उठून आली.

"पडीक म्हंजी रिकामी व्हय?"

तसंच काहीसं, असं मी सांगितलं.

"माळ कवा रिकामा नसतो, माय. तुला दिसंना म्हनून रिकामा का?" एवढं बोलून ती गेली. त्यानंतर तो धडा शिकवताना त्या वाक्याशी आले की माझा आवाज खाली येतो. कारण तोवर तिचा लेक नामा नाहीसा होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती कुणाबद्दल बोलत होती ते मला ठाऊक होतं.

आमचं गाव ऊसतोडीचं. दसरा झाला की ट्रॅक्टर भरून माणसं घाट उतरतात आणि कडा गावावरून पुढं पश्चिमेला कारखान्यांच्या मुलखात जातात. हा सीताफळांचा हंगाम. डोंगर सगळा हिरव्या डोळ्यांच्या फळांनी लगडलेला असतो आणि ती खायला माणसं नसतात. भागामाय प्रत्येकाच्या गाठोड्यात कच्ची सीताफळं कोंबायची आणि बजावायची की पिकली की खा, बिया वाटेनं थुकत जा, म्हणजे परत यायची वाट सापडेल.

जाताना आणखी एक रीत होती. प्रत्येकानं हिवराच्या बुडाशी एक दगड ठेवायचा. उन्हाळ्यात परत आलं की ज्यानं ठेवला त्यानंच तो उचलायचा, दरीत भिरकावायचा आणि मग घराकडं पाऊल टाकायचं. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. जो तिकडंच संपला त्याचा दगड झाडाखालीच राहायचा. हळूहळू हिवराची मुळं त्याच्यावरून जायची. दगड उचलला म्हणजे माणूस आला, एवढा साधा हिशेब होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. आमच्याकडचा खडक सगळा काळा, म्हणून जो तो ओळखू येईलसा दगड शोधायचा. भागामायच्या नामानं ओढ्यातून पांढरी गारगोटी आणली होती. उन्हात ती लांबून चमकायची.

नामा तिचा एकुलता एक. लग्न व्हायचं होतं. तो आमच्या अण्णांच्या टोळीत गेला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, टोळीचे मुकादम. भीमेकडच्या मुलखात एका मोठ्या पाटाच्या काठी त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या. धुक्याच्या एका सकाळी नामा घागर घेऊन पाटावर गेला आणि परत आला नाही. घागर काठावर सापडली. अण्णांनी पाट धुंडाळला, आसपासची गावं पालथी घातली, पोलिसात सांगितलं. बाकीची टोळी परतली तरी ते तिकडंच राहिले. शेवटी एकटे परत आले. स्वतःचा दगड लगेच उचलला नाही, तिथंच झाडाखाली बसून राहिले. भागामायला कुणीतरी सांगितलं तेव्हा ती स्वतः चालत वळणावर गेली.

तिनं एकच विचारलं. "घागर भरल्याली हुती का रिकामी?"

"भरल्याली," अण्णा म्हणाले.

"मंग त्यो बुडला न्हाई. पानी भरून झालं हुतं त्याचं."

मी अजूनही त्या घागरीचा विचार करते. काठोकाठ भरलेली, काठावर नीट ठेवलेली. तिनं अण्णांना कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं आई म्हणायची. त्याऐवजी दरवर्षी टोळी निघाली की ती ट्रॅक्टरजवळ यायची, अण्णांच्या हातात सीताफळं द्यायची आणि तेच वाक्य बोलायची. "मुकादम, कुटं दिसला तर सांगा, हिवर हाय म्हनावं." अण्णा मान हलवायचे. त्यांना मी तेव्हा वर बघताना कधी पाहिलं नाही.

वर्षं गेली. तिचा नवरा गेला, तोही लेकाच्या नावानं पाणी सोडायचं राहिलं म्हणत गेला. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भावकीनं बारा वर्षांनी तो विषय काढला. आमच्या उतारावर पळसाला तोटा नाही, फाल्गुनात सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसतो. भागामायनं उतारावरच्या पळसांपुढं जाऊन बसकण मारली. "माज्या पोराच्या नावानं एक पान तोडायचं न्हाई," म्हणाली, आणि पुतळा करायला आलेले लोक तसेच परतले. तेव्हापासून ती पळसाच्या पत्रावळीवर जेवली नाही. लग्नात सगळे पंगतीला बसले की ही आपली ताटली घरून घेऊन यायची.

एकदा मी सुट्टीला आले असताना तिनं मला ओट्यावर गाठलं. भिंतीशी अण्णा सुपारी कातरत बसले होते.

"तू भूगोल शिकवतीस न्हवं? त्या पाटाचं पानी कुटं जातं?"

मी जरा चाचरले. मग सांगितलं की उसात जातं, उरलेलं झिरपून, ओढ्यांतून भीमेला मिळतं.

"आन आपल्या वळनाखालच्या वड्याचं?"

"सीनेला. आणि सीना पुढं भीमेलाच मिळते."

"म्हंजी एकच पानी हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की पुढं काही सांगावं असं मला वाटलं नाही. अण्णांचा अडकित्ता थांबला होता.

मग रस्त्याचं काम आलं. हिवर जाणार हे कळलं तेव्हा उन्हाळा होता, टोळ्या परतलेल्या होत्या आणि बहुतेकांचे दगड उचलून झालेले होते. मुळांत गेलेले दगड मुळांबरोबरच जाणार होते, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही, त्यांची माणसं रडून झाली होती. उघड्यावर राहिली ती एकटी गारगोटी. जेसीबी येऊन उभा राहिला. चालक उतरून बिडी पेटवून वाट बघत होता. अख्खं गाव तिथं, आणि तो दगड कुणी हलवायचा ते ठरेना. भागामाय झाडाला पाठ लावून बसली होती. ती भांडत नव्हती. रस्ता होऊ नये असंही तिचं म्हणणं नव्हतं.

शेवटी अण्णा पुढं झाले. यंत्राखाली चुरा होण्यापेक्षा तिच्या हातात द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. नंतर त्यांनी मला तसं पुष्कळदा सांगितलं. ते वाकले, गारगोटी उचलली आणि "धरा वहिनी" म्हणत तिच्यापुढं हात केला.

दुसऱ्याच्या दगडाला हात लागला होता. चालकाला काही कळेना, त्यानं बिडी विझवली. भागामाय उठली. तिनं दगडाकडं पाहिलं नाही, अण्णांच्या पाठीमागं पाहिलं, घाटाच्या उताराकडं.

"तुमी उचलला," ती म्हणाली. "म्हंजी तुमी आनलं त्याला. कुटं हाय?"

अण्णा तसेच उभे राहिले. दगड परत ठेवावा तर पुन्हा कुणाला तरी वाटेला लावल्यासारखं होतं. फेकावा तर ते काम नामाचं. तिनं हात पुढं केला नाही. त्यांनी गारगोटी बंडीच्या खिशात घातली आणि घरी आणून देवळीत ठेवली. त्या वर्षी दसऱ्याला टोळी त्यांच्याशिवाय गेली. नंतर ते कधीच गेले नाहीत. वळणाचा रस्ताही त्यांनी सोडला. फाट्यावर जायचं असलं तर बांधाबांधानं, बोरीच्या काट्यांतून जायचे. आईनं विचारलं तर जवळ पडतं म्हणायचे. लहान पोरालाही कळेल की ते लांब पडतं.

आणि भागामाय वाकायला लागली. मी एकदा तिला सरळच विचारलं, का वाकतीस? झाड नाही तिथं, तुझ्या डोळ्यांदेखत पडलं.

"दगड उचलला म्हंजी पोरगं घाट चढाया लागलं," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आता वळनावर हिवर दिसला न्हाई तर त्याला वाटंल, हे आपलं गाव न्हाई. माघारी फिरंल. मी वाकले की त्याला दिसंल फांदी कुटं हाय ते."

"पण ती नाहीच आहे, माय."

"मी वाकते तवर हाय."

मी शिक्षिका आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण त्यानंतर त्या वळणावर माझी चाल मंद व्हायची. घाटातून वर येणारा वारा तिथं झाडात अडकल्यासारखा आवाज करायचा. आणि कुणीतरी खाली, नजरेच्या जरा पलीकडं, दम खायला थांबलंय असं वाटायचं. असं वाटणारी मी एकटीच नव्हते. गावातले मोटरसायकलवाले तिथं वेग कमी करायचे आणि वळण धोक्याचं आहे असं कारण सांगायचे. ते वळण काही तसं अवघड नाही.

ती वैशाखात गेली, भर दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या. गवत वाळून पांढरं पडलं होतं, पळसाची फुलं झडून गेली होती. टोळ्या आलेल्या होत्या म्हणून खांद्यांची वाण नव्हती. अग्नी द्यायला उमापूरहून तिचा भाचा आला. आमची मसणवाट वळणाच्या खाली, ओढ्याकाठी आहे. बायकांनी वळणापर्यंत जायचं, पुढं नाही.

अण्णा निघाले. बांधानं नव्हे, रस्त्यानं, सगळ्यांच्या पुढं. किती वर्षांनी ते त्या रस्त्याला लागले होते. वळण आलं तसे ते थांबले, हातानं टोपी धरली आणि वाकले. मागं तिरडी होती. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलंही नाही. चौघांनी गुडघे वाकवले, तिरडी अलगद खाली घेतली आणि तशीच त्या मोकळ्या आभाळाखालून काढली, फुलं फांदीला लागू नयेत अशा बेतानं. मागून सगळं गाव वाकून गेलं. मी पदर धरला आणि वाकले. पाठीवर काहीतरी ओरखडल्यासारखं झालं. ऊन फार होतं.

खालचं सगळं वळणावरून दिसतं. चितेला फेरे घातल्यावर खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात तो दगड दहा दिवस जपायचा असतो, गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो असं मानतात. भाचा खाली वाकून दगड शोधू लागला, तेव्हा अण्णांनी खिशातून देवळीतली ती गारगोटी काढून त्याच्या हातात दिली. तो घुटमळला. मग त्यानं त्या गारगोटीनंच मडकं फोडलं.

दहाव्याला वाद झाला. भाच्याचं म्हणणं, दगड गंगेत सोडायचा, गोदावरीसारखी नदी जिल्ह्यात असताना दुसरीकडं कशाला, आणि आत्या तर जन्मानं गंगथडीची. त्याचं चूक नव्हतं. मी अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवताना ऐकलं.

"गंगंला न्हाई. गंगंचं पानी तिकडं जात न्हाई. वळनाखालच्या वड्यात सोडायचा. त्यो सीनंला जातो, सीना भीमंला. एकच पानी हाय, पोरीनं सांगितलंय." ते माझ्याकडं वळले. "सांग की गं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "हो, एकच पाणी आहे."

वैशाखातला आमचा ओढा म्हणजे कोरडी खडकाळ वाट. पाण्याचा थेंब नव्हता. अण्णा पात्रात उतरले आणि जिथून धार वाहते अशा एका घळीत त्यांनी गारगोटी ठेवली. पाऊस नेईल म्हणाले. भाचा नाराज होऊन गेला. दगड पाण्याबरोबर इतका लांब जात नाही हे मी मुलांना शिकवते. तो एखाद्या खडकामागं अडकतो, झिजतो, तलावाच्या गाळात रुततो. हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही, आणि अण्णांना तर मुळीच नाही.

त्या साली परतीच्या पावसानं डोंगर धुऊन काढला. पाणी ओसरल्यावर मी सुट्टीला आले, तर अण्णा काठी घेऊन तयारच होते. आम्ही दोघं रस्त्यानं वळणापर्यंत गेलो. उतार हिरवागार झाला होता, सीताफळं लगडली होती आणि ट्रॅक्टर जायचे दिवस जवळ आले होते. ते वर थांबले, मी ओढ्यात उतरले. घळ रिकामी होती. खाली ओढा मिळतो त्या तळ्यापर्यंत बघून आले. सगळे काळे दगड, पांढरा एकही नाही.

वर येऊन मी सांगितलं, "नाही दिसत."

अण्णांनी पश्चिमेकडं पाहिलं. "पोचल्या म्हनायच्या वहिनी," म्हणाले. मग आम्ही गावाकडं निघालो. हिवराच्या जागेशी येताच आपसूक माझा हात पदराकडं गेला आणि मी वाकू लागले, तर त्यांनी दंड धरून मला सरळ केलं.

"आता नगं वाकू," ते म्हणाले. "हिवर गेला."

आणि डोक्यावरची टोपी काढून ते तिथं ताठ उभे राहिले.